एकशे वीस तासांचा हिशेब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मागील पन्नास वर्षांचा गौरव करणारी भाषणे आपण सकाळपासून ऐकत आहोत, आणि तो गौरव सार्थ आहे. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७४-७५ साली देशभरच्या समाजात जी जागृती झाली, तिच्यातूनच आपल्या ट्रस्टचे बीज पडले. छात्रालय, दवाखाना, ग्रंथालय आणि शिष्यवृत्ती निधी ही सारी कामे त्या पिढीने पदराला खार लावून उभी केली. संयोजकांनी मला दिलेला विषय मात्र पुढच्या काळाचा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी प्रशिक्षणासाठी, ज्याला सारे इंटर्नशिप म्हणतात त्यासाठी, आपल्या संस्थेच्या दारात येऊ लागले आहेत. त्यांना आपण काय द्यावे आणि त्यांच्याकडून काय घ्यावे? मी शिक्षणतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. तेव्हा देण्याघेण्याच्या अंगानेच बोलेन, आपण सांभाळून घ्यावे.

प्रथम हे विद्यार्थी येतात कशासाठी, ते समजून घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांना आणि स्वायत्त महाविद्यालयांना ते २०२३-२४ पासून, आणि संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना २०२४-२५ पासून लागू झाले. या धोरणात वर्गाबाहेरच्या कामाला गुण आहेत. त्यांना श्रेयांक म्हणतात. प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प, समाजसहभागाचे काम अशी त्यांची नावे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत एका श्रेयांकास ३० तास असा हिशेब आहे. म्हणजे चार श्रेयांकांस १२० तास झाले. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेली मुले तिसऱ्या वर्षास २०२६-२७ मध्ये पोहोचतात. आतापर्यंत आपल्याकडे दोघे-चौघे येत होते. यापुढे ही संख्या कितीतरी वाढणार, कारण अमरावती आणि अकोल्यात कारखाने आणि मोठ्या कंपन्या आहेत तरी किती? पुण्या-मुंबईच्या मुलाला कंपनी मिळते. दर्यापूर, मूर्तिजापूर, चांदूर बाजारच्या मुलाने जावे कोठे? तो दवाखाना, शाळा, ग्रंथालय, पतसंस्था आणि धर्मादाय संस्था यांच्याकडेच वळणार.

ही कल्पना आपल्याकडे नवीन आहे असे मात्र कोणी समजू नये. शब्द तेवढा नवा आहे. जुन्या मराठीत उमेदवार म्हणजे निवडणुकीला उभा राहणारा नव्हे, तर काम शिकण्यासाठी कचेरीत किंवा पेढीवर बसणारा तरुण. आपल्या बाजारात वीस वर्षांचा मुलगा गादीवर बसला की पहिले काही महिने त्याच्याकडे फक्त ठाण उघडणे, घडी घालणे आणि मोजणे एवढेच काम असे. मग कीर्द, मग खतावणी, आणि मुनीमजींचा विश्वास बसल्यावर उधारीची वसुली. डॉक्टर होणाऱ्यास आंतरवासिता आहे. सनदी लेखापाल होणाऱ्यास आर्टिकलशिप आहे. ती पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ पासून दोन वर्षांची झाली. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलेमुली कार्यानुभवासाठी खेड्यात राहतात. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून त्यांना आपला शेतकरी ओळखतो, आणि बीजप्रक्रिया करून दाखवणारी ती मुलगी पुढच्या हंगामातही त्याच्या लक्षात राहते. त्याच १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकालाही वर्षाला १२० तासच द्यावे लागतात. आकडा तोच आहे, हे मला मोठे गमतीचे वाटते.

आता अडचणीच्या मुद्द्याकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी समाजातील एक सद्गृहस्थ आपल्या कार्यालयात आले होते. नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांच्या हातात मुलाच्या महाविद्यालयाचा छापील नमुना होता. १२० तासांचा तक्ता भरलेला, रोजची वेळ लिहिलेली, कामाचा तपशीलही कोठून तरी उतरवून घेतलेला. राहिली होती ती फक्त सही आणि शिक्का. मुलाची स्पर्धा परीक्षेची शिकवणी चालू आहे, त्याला वेळ नाही, तेव्हा एवढे करून द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या कार्यवाहांनी नम्रतेने नकार दिला. ते गृहस्थ रागावले, आणि त्या वर्षी त्यांची नेहमीची देणगी आली नाही. बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. एका सहीने कोणाचे काय बिघडते, सगळीकडे हेच चालते, आपणच एवढे ताणून का धरावे, असेही मत मांडले गेले. मी त्या मताच्या विरोधात होतो आणि आजही आहे. त्याचे कारण आपल्या शास्त्रातच आहे.

तत्त्वार्थसूत्र दोन्ही आम्नायांना मान्य आहे. त्याच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार, त्यांतला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. पुढच्याच अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान येतो. देताना कमी मापाने द्यायचे आणि घेताना जास्त मापाने घ्यायचे. आम्हा कापडवाल्यांना हा दुसरा अतिचार लहानपणापासून घोकवलेला असतो. गजाला बोट लावून कापड ओढणारा दुकानदार बाजारात फार दिवस टिकत नाही. चाळीस तास काम करून, किंवा मुळीच न करता, १२० तासांचा दाखला देणे यात हे दोन्ही अतिचार एकत्र होतात. आपण ज्या वयाच्या मुलाला हा दाखला देतो, त्या वयात तो कागदावर पहिल्यांदाच संस्थेचा शिक्का पाहत असतो. आपल्या दवाखान्याच्या औषधाच्या पावतीवर आणि आपल्या देणगीच्या पावतीवरही तोच शिक्का आहे. त्या मुलाने उद्या त्या पावत्यांवर विश्वास का ठेवावा?

शिवाय हा दाखला जाणार संत गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठात. बाबा गावात येत, आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. या अमरावतीजवळ वलगाव येथे २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे नाव वर आणि न झाडलेल्या अंगणाचा हिशेब खाली, असा कागद आपल्या कपाटात असू नये.

दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण दोष केवळ पालकांचा नसतो. संस्थांनाही फुकटचे हात हवेहवेसे वाटतात. चातुर्मास आला, पर्युषण आले, दशलक्षण आले की आपल्याला माणसे कमी पडतात. अशा वेळी विद्यार्थ्यांकडून खुर्च्या मांडून घ्यायच्या, पारण्याच्या पंगतीत वाढायला लावायचे, पाहुण्यांना स्थानकावर आणायला पाठवायचे आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचे, हेही मापात मारणेच आहे. पंगतीत वाढणे हलके काम आहे असे मी म्हणत नाही. आपण सारे ते लहानपणापासून करीत आलो, आणि सेवेला, वैयावृत्त्याला, आपल्याकडे अंतरंग तपात स्थान आहे. पण तप हे स्वेच्छेने करायचे असते. गुणांच्या धाकाने दुसऱ्याच्या मुलाकडून ते करवून घेता येत नाही. जो मुलगा वाणिज्याचा आहे त्याला कीर्द दाखवा, जी मुलगी संगणकाची आहे तिला ग्रंथालयाची सूची द्या. एवढे काम आपल्याकडे पडले आहे की सांगताना संकोच वाटतो.

ग्रंथालयाचेच घ्या. वऱ्हाडात राहून आपण कारंज्याला विसरतो, ही मला खटकणारी गोष्ट आहे. कारंजा लाड आज वाशीम जिल्ह्यात आहे, १९९८ पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. तेथील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षांच्या हस्तलिखित पोथ्या बासनांत बांधून ठेवलेल्या होत्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात, म्हणजे आजच्या शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेत, डॉ. हिरालाल जैन संस्कृतचे तरुण प्राध्यापक होते. त्यांनी ती बासने सोडली. त्यांतून अपभ्रंश भाषेतील ग्रंथ बाहेर आले: सावयधम्मदोहा, पाहुडदोहा, णायकुमारचरिउ, करकंडचरिउ. १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत ते कारंज्याच्या ग्रंथमालांतून छापले गेले आणि भारतीय भाषांच्या इतिहासात एक हरवलेले पान पुन्हा लावले गेले. पुढे याच प्राध्यापकांनी षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका हाती घेतली. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरून उतरलेल्या प्रती, त्या प्रतींच्या प्रती, त्यांतील पाठभेद, आणि हे सारे ओळीओळीने ताडून पाहणारे तरुण पंडित. पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सोळाही भाग पूर्ण व्हायला १९५९ साल उजाडले. वीस वर्षे लागली! मूळ पैसा विदिशेच्या श्रीमंत शेठ लक्ष्मीचंद्रजींनी दिला होता, हे आपण दानशूर मंडळी आवर्जून सांगतो. हिरालालजींच्या हाताखाली बसून पाने ताडणाऱ्या पंडितांची नावे मात्र आपल्या मुलांना माहीत नसतात, आणि खरे प्रशिक्षण तेथे चालले होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०२५ च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांच्या नोंदणीसाठी ज्ञान भारतम् मोहीम जाहीर झाली. आता आपल्या ग्रंथालयाकडे पाहा. वरच्या माळ्यावर दोन लोखंडी पेट्यांत पोथ्या आहेत आणि त्यांची साधी यादीही नाही. यादी करायला पंडित लागत नाही. पोथीची लांबी-रुंदी, पानांची संख्या, आरंभीचे व शेवटचे शब्द, शेवटी लेखनिकाने संवत आणि गाव लिहिले असल्यास ते, कसर किंवा वाळवी लागली आहे का, एवढे लिहायचे असते. संस्कृत, मराठी किंवा इतिहास शिकणारा, देवनागरी नीट वाचणारा विद्यार्थी जाणकाराच्या देखरेखीखाली हे करू शकतो. १२० तासांत त्याने एक पेटी पूर्ण केली तरी पुष्कळ. त्याचे नाव सूचीच्या पहिल्या पानावर छापावे. मला वाटते, असा दाखला त्याला आयुष्यभर दाखवावासा वाटेल.

दवाखान्याचा अनुभव तर आपल्यापुढे आहेच. गेल्या वर्षी समाजकार्य शाखेची एक विद्यार्थिनी तेथे आठवड्यातून दोन दिवस बसत असे. तिला आपण केसपेपरच्या नोंदवहीचे काम दिले होते. तिने नोंदवही लिहिलीच, पण रक्तदाबाच्या ज्या स्त्रिया एकदा येऊन गेल्या त्या पुन्हा का येत नाहीत, हेही त्यांना भेटून विचारले. उत्तर साधे होते. आपला दवाखाना सकाळी दहा ते बारा, आणि त्या स्त्रिया घरकामाला किंवा मजुरीला सकाळी आठलाच बाहेर पडतात. पन्नास वर्षे आपण हीच वेळ ठेवली, कारण डॉक्टरसाहेबांना आणि आपल्याला ती सोयीची होती. तिने ते कागदावर मांडल्यावर आता दोन दिवस संध्याकाळी दवाखाना उघडतो. बाहेरून आलेल्या नजरेचा संस्थेला हा लाभ होतो. अट एवढीच की त्या मुलीचे म्हणणे ऐकून घेणारा कोणी तरी विश्वस्त असावा. येथे एक सूचना आताच करून ठेवतो: रुग्णांची छायाचित्रे काढायची नाहीत, आणि केसपेपरातील मजकूर प्रकल्प अहवालात नावानिशी जायचा नाही. महाविद्यालये अहवालाबरोबर छायाचित्रे मागतात. त्यांना आपल्या दरवाज्याचे आणि नोंदवहीच्या कोऱ्या पानाचे छायाचित्र द्यावे.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांबद्दल फार बोलत नाही, कारण ते काम उघड आहे. २०२१-२२ पासून करसवलतीच्या देणग्यांचे विवरण प्राप्तिकर खात्यास दरवर्षी ऑनलाइन द्यावे लागते. आपल्या अर्ध्याअधिक पावत्यांवर देणगीदाराचा पॅन क्रमांक नसतो, आणि तो मिळवण्यात आपले दिवाणजी मार्च-एप्रिलमध्ये हैराण होतात. सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा ताळेबंद व्यापारी पेढीपेक्षा वेगळा कसा, एखाद्या निधीचा पैसा दुसऱ्या निधीत का वळवता येत नाही, हे कॉमर्सच्या पुस्तकात चार ओळींत असते. येथे मुलाला ते खरोखरीच्या वहीत दिसेल.

मेळघाटाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या ऐकून पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेने १९९७ साली पावसाळ्यातील धडक मोहीम सुरू केली. पावसात रस्ते तुटतात, कुपोषित मुले दगावतात, म्हणून शहरातील तरुण तुकड्यातुकड्यांनी कोरकू गावांत जाऊन राहू लागले. घरोघर मुले पाहायची, आजारी मूल वेळेत दवाखान्यापर्यंत पोहोचवायचे. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अचलपूरजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपले आडनाव देऊन वाढवतात. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. भारतीय जैन संघटनेने १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मुलांना पुण्याजवळ वाघोलीस शिक्षणासाठी नेले, आणि पुढे मेळघाटातील मुलेही तेथे शिकली. पुण्याचा तरुण शेकडो किलोमीटर ओलांडून मेळघाटात येतो. आपली मुले चिखलदऱ्यास जातात ती धबधबा पाहण्यासाठी आणि मुक्तागिरीच्या यात्रेला जोडून. म्हणून उद्याच सर्वांना मेळघाटात पाठवावे असे मी म्हणणार नाही. तयारीशिवाय गेलेला विद्यार्थी त्या गावाला भारच होतो. जेथे अनुभवी संस्था आहे, तेथे तिच्या नियमांनी, तिला हवे असेल तेव्हा आणि हवे तेवढेच जावे.

खर्चाचा प्रश्न बैठकीत निघाला होता. शासनाने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्ण तरुणास दरमहा ६,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविले. ती योजना शिक्षण संपलेल्यांसाठी होती, आणि आपली ऐपत तेवढी नाही. पण शिकणाऱ्याला काही देऊच नये हा विचार मला पटत नाही. दर्यापूरहून रोज येणाऱ्या मुलाच्या एस.टी.च्या तिकिटाचा विचार करा. मुलींना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तरी अर्धे म्हणजे फुकट नव्हे. प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण एवढे दिले नाही, तर ज्याचे घर शहरात आहे आणि ज्याच्या वडिलांची ओळख आहे तोच आपल्याकडे येईल. भोजनशाळा आपलीच आहे, तिला चार ताटे जड नाहीत. विद्यार्थी सैतवाळ की बघेरवाल, ओसवाल की खंडेलवाल, इतकेच काय जैन की अजैन, हेही अर्जात विचारू नये असे माझे मत आहे. काहींना ते रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. आपला दवाखाना पहिल्या दिवसापासून कोणाची जात विचारत नाही. मग त्या दवाखान्यात नोंदवही लिहिणाऱ्याची का विचारावी?

सर्वांत कठीण गोष्ट पैशाची नाहीच, ती वेळेची आहे. विद्यार्थ्याला काम नेमून देणारा, आठवड्याअखेर ते तपासणारा, चुकले तर समजावून सांगणारा एक जाणता माणूस प्रत्येकामागे हवा. पेढीवर मुनीमजी होते म्हणून उमेदवार तयार झाला. आपल्यात निवृत्त प्राध्यापक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, परिचारिका म्हणून आयुष्य घालवलेल्या भगिनी आहेत. सभागृहात हारतुऱ्यांसाठी त्या सर्वांची आठवण आपण ठेवतो.

विश्वस्त मंडळापुढे मी एक छोटा प्रस्ताव ठेवला आहे. येत्या जूनपासून एका वेळी चारच विद्यार्थी घ्यावेत. दोन अमरावतीस, दोन अकोल्यास. हजेरीची बांधीव वही असावी, पाने क्रमांकित, आणि तिच्यात ज्या दिवशी जेवढे तास झाले तेवढेच त्याच दिवशी लिहावे. ९४ तास झाले तर दाखल्यावर ९४ लिहावे, आणि उरलेले तास विद्यार्थ्याने सुटीत भरून काढावेत. बाहेरगावच्या मुलांसाठी धर्मशाळेतील मागच्या दोन खोल्या राखून ठेवाव्यात. मुलींच्या निवासाची जबाबदारी महिला मंडळाने घेण्याचे तत्त्वतः मान्य केले आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. ज्यांना आठवड्यातून दोन तास देता येतील अशांनी भोजनापूर्वी कार्यालयात आपले नाव आणि कोणते काम शिकवू शकाल ते लिहून द्यावे. अकोल्याच्या मंडळींसाठी वेगळी वही ठेवली आहे. माझे नाव पहिल्या पानावर लिहिलेले आहे, रोकडवहीच्या कामासाठी. त्याखालची जागा अजून रिकामी आहे.